अमेरिकेतल्या कॉलेजांचा ‘अर्ली’ अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की दरवर्षी हे प्रश्न सुरू होतात, आणि दिवाळीच्या आसपास त्यांचा सूर घाबराघुबरा होतो. खालची सगळी उत्तरं बारावीनंतरच्या पदवी प्रवेशाबद्दल आहेत. एमएस किंवा एमबीएला यातलं काही लागू नाही. उदाहरणातले आकडे २०२४ साली दाखल झालेल्या वर्गाचे आहेत. अमेरिकेत त्याला ‘२०२८चा वर्ग’ म्हणतात, कारण तिथे वर्ग पदवी मिळण्याच्या सालावरून ओळखला जातो.

१. अर्ली अर्ज म्हणजे काय? ईडी आणि ईए एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रेग्युलर अर्जाची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि निकाल मार्चअखेर लागतो. अर्लीची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, आणि ईडीचा निकाल डिसेंबरच्या मध्याला. ईएचा निकाल काही विद्यापीठं जानेवारीअखेरीस किंवा त्याच्याही नंतर लावतात.

अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, ही बांधिलकी आहे. एकाच कॉलेजला ईडी करता येतं, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली ॲक्शन, म्हणजे ईए, यात बांधिलकी नाही. निकाल लवकर कळतो, उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमधून घरातलं कुणी गेलं असेल, तर ईडी पटकन समजेल: यादीत एकच पर्याय भरायचा आणि तो मिळाला की सीट ऑटो-फ्रीझ. फरक इतकाच की कॅपमध्ये फी आधी माहीत असते. इथे ती किती पडणार हे प्रवेशाबरोबर कळतं (प्रश्न ७).

२. मग रिस्ट्रिक्टिव्ह किंवा सिंगल-चॉइस अर्ली ॲक्शन हे काय मधलंच?

मधलंच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, कॅलटेक आणि नोत्र दाम इथे ही पद्धत आहे. मिळालं तरी जायची सक्ती नाही, पण नोव्हेंबरात आणखी कुठे अर्ज करायचा यावर बंधन. हे बंधन प्रत्येकाचं वेगळं असतं; प्रश्न ९ मध्ये ते सविस्तर आहे.

३. ब्राउन विद्यापीठाचा ईडी रेट (शंभर अर्जांमागे किती प्रवेश) १४ टक्के आणि एकूण ५ टक्के. म्हणजे ईडी केलं की शक्यता तिप्पट?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश पाहू.

ब्राउनला त्या वर्षी ईडीचे ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४.४ टक्के. एकूण अर्ज ४८,८८१, प्रवेश २,५२१, म्हणजे ५.२ टक्के. पण या ५.२ मध्ये ईडीवालेही मोजलेले आहेत. त्यांना वजा केलं की रेग्युलरसाठी ४२,६३७ अर्ज आणि १,६२३ प्रवेश उरतात: ३.८ टक्के. म्हणजे कागदावर दरी तिपटीहूनही मोठी दिसते. डार्टमथमध्येही तोच प्रकार. ईडीत ३,५५० पैकी ६०६, म्हणजे १७ टक्के. ईडी वगळून उरलेल्यांत जेमतेम ३.८.

आता त्या ८९८ जणांत कोण आहेत ते बघा. आयव्ही लीगची कॉलेजं रोइंग, लॅक्रोस, स्क्वॉश, फेन्सिंग यांसाठी प्रशिक्षकांमार्फत खेळाडू हेरतात, आणि असे खेळाडू बहुतांशी अर्ली फेरीतच अर्ज करतात. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात लागला, त्यातल्या कागदपत्रांवरून अशा हेरलेल्या खेळाडूंचा प्रवेश दर सुमारे ८६ टक्के असल्याचं दिसलं. त्याच रांगेत माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांची मुलं, प्राध्यापकांची मुलं. समजा ब्राउनच्या ८९८ मध्ये २०० जण आधीच ठरलेले खेळाडू आहेत (हा आकडा फक्त हिशेबासाठी धरलाय). ते दोन्हीकडून वगळले की ६,०४४ पैकी ६९८ उरतात, आणि १४.४ चे ११.५ होतात. बाकीचे विशेष गट काढले की आणखी खाली.

शिवाय अर्लीची गर्दीच वेगळी असते. सप्टेंबरात एस्से तयार, एसएटी (प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा) झालेली, हाताशी समुपदेशक, अशी ही मुलं. डिसेंबरअखेरीस सुट्टीत बसून वीस अर्ज मारणारी मुलं या रांगेत नसतात. म्हणून टक्का वाढतो तो बराचसा रांगेत कोण उभं आहे त्यामुळे. आपल्या मुलीचा अर्ज तोच राहतो.

४. म्हणजे अर्लीचा काहीच फायदा नाही?

आहे, पण तक्त्यात दिसतो त्याहून बराच कमी, आणि मुख्यतः ईडीत. कारण उघड आहे. कॉलेजला वर्ग नेमका भरायचा असतो. रेग्युलरमध्ये प्रवेश दिलेली मुलं दुसरीकडे निघून जातात. ईडीतली जवळजवळ सगळी येतात. त्यामुळे बऱ्याच खासगी कॉलेजांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा ईडीतूनच भरतात. डिसेंबरात अर्धा वर्ग बसला की उरलेल्या जागांसाठी कित्येक पट अर्ज झगडतात.

ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी २००३ साली हजारो अर्ज तपासून असा निष्कर्ष काढला होता की अर्ली अर्ज करणं हे एसएटीमध्ये सुमारे १०० गुण जास्त असल्यासारखं काम करतं. तो काळ वेगळा होता, त्यामुळे आकडा आज जसाच्या तसा धरू नये. दिशा मात्र बदललेली नाही.

बांधिलकी नसलेल्या ईएत हा फायदा फार पातळ. एमआयटीत ईएचे १२,५६३ अर्ज आणि ६६१ प्रवेश, म्हणजे ५.३ टक्के, एकूण दर ४.५. एवढ्याशा फरकासाठी अर्धवट एस्से नोव्हेंबरात ढकलण्यात अर्थ नाही.

ही पद्धत श्रीमंतांच्या सोयीची आहे ही टीका जुनीच. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ साली अर्ली फेरी बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बाकीची बहुतेक कॉलेजं मागे आली नाहीत, आणि २०११ साली दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

५. हे आकडे कुठे मिळतात? स्टॅनफर्डचा अर्ली रेट कुठेच सापडत नाही.

स्टॅनफर्डने २०१८ पासून प्रवेशाच्या हंगामात आकडे जाहीर करणं थांबवलं. कॉर्नेल, प्रिन्स्टन, पेन यांनीही पुढच्या काही वर्षांत तेच केलं. इंटरनेटवर त्यांचे अर्ली रेट दशांशासकट देणारी पानं अंदाज छापतात, एवढं समजून वाचा.

विश्वासाची जागा म्हणजे ‘कॉमन डेटा सेट’, कॉलेजं ठरावीक नमुन्यात स्वतः भरून छापतात ती आकडेवारी. कॉलेजचं नाव आणि हे शब्द शोधलेत की बहुतेक कॉलेजांची पीडीएफ सापडते. त्यात ‘सी२१’ या कलमात ईडीचे अर्ज आणि ईडीचे प्रवेश असतात, ‘सी१’ मध्ये एकूण आकडे. वजाबाकी करून रेग्युलरचा दर स्वतः काढा, प्रश्न ३ मध्ये केला तसा. ईएसाठीच्या ‘सी२२’ मध्ये मात्र आकडे विचारलेलेच नसतात. आपल्यासाठी सगळ्यात कामाचं कलम ‘एच६’: परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने मदत दिली का, किती जणांना आणि सरासरी किती. रँकिंग बघण्यात घालवलेल्या एका संध्याकाळीपेक्षा या एका कलमावर घालवलेली दहा मिनिटं जास्त उपयोगाची.

६. भारतातून अर्ज करणाऱ्यांचा वेगळा रेट असतो का?

असतो, पण बहुतेक कॉलेजं तो छापत नाहीत. एमआयटी छापते: परदेशी अर्जदारांचा दर दोन टक्क्यांच्या आसपास, एकूण दराच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे वर्तमानपत्रात आलेला ‘अर्ली १४ टक्के’ हा आकडा पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या मुलाला लागू नाही. त्यातले हेरलेले खेळाडू तुम्ही नाही, माजी विद्यार्थ्यांची मुलं बहुधा नाही, आणि परदेशी असल्यामुळे तुमची रांग आणखी अरुंद. किती अरुंद, हे त्या कॉलेजात मदत मागताय की नाही यावर ठरतं.

७. आम्हाला आर्थिक मदत लागणार आहे. ईडी करावं का?

माझ्या मते टक्केवारीच्या आधी हा प्रश्न सोडवला पाहिजे, आणि बहुतेक घरांत तो शेवटी येतो.

नामांकित खासगी कॉलेजात राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. ईडीत तुम्ही कबूल करता की मिळालं तर इथेच. म्हणजे दुसऱ्या कॉलेजने जास्त मदत दिली असती का, हे कधीच कळत नाही. मेमध्ये चार पत्रं टेबलावर मांडून आई-बाबांनी गुणाकार करायचा, ती संधीच जाते. ईडीची खरी किंमत हीच.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली आणि २०२५ साली दाखल झालेल्या वर्गापासून ब्राउन इथे परदेशी मुलांचाही निर्णय घेताना पैसे किती लागतील हे बघत नाहीत, आणि प्रवेश मिळाला तर हिशेबाने ठरलेली गरज पूर्ण भागवतात. बाकी जवळजवळ सगळीकडे मदत मागितल्याने शक्यता कमी होते. तिथेही काही लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं परदेशी मुलांना भरघोस मदत देतात, आणि मदतीची थैली भरलेली असताना म्हणजे ईडीत अर्ज करणं फायद्याचं ठरू शकतं. पण कॉलेज गरज पूर्ण भागवतं, हे आधी लेखी वाचलेलं असलं पाहिजे.

ईडी करण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा) भरा. तो परदेशी मुलांसाठी चालतो का ते बघा. बऱ्याच ठिकाणी तो अमेरिकन कुटुंबांसाठीच बनवलेला असतो. तसं असेल तर मदत कचेरीला थेट ईमेल करा. आणि ‘गरज’ म्हणजे तुम्हाला वाटते ती नव्हे, सीएसएस प्रोफाइल या अर्जातून कॉलेज काढतं ती. दादरला स्वतःचा फ्लॅट आणि गावी वाटणी न झालेली जमीन असेल, तर पगार बेताचा असूनही कॉलेजच्या हिशेबाने तुम्ही बरेच सधन निघू शकता. जमीन सातबाऱ्यावर चौघांच्या नावावर असेल तर तसं स्पष्टीकरणाच्या रकान्यात लिहा. रकाना त्यासाठीच असतो.

८. ईडी मिळालं आणि जायचं नसेल तर? कोर्टात खेचतात का?

कोर्टात नाही. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात, पण तो सचोटीचा करार आहे. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं. कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) करारातच ती सोय आहे. आधी मदत कचेरीशी बोला, फेरविचार मागा, तरीही जमत नसेल तर लेखी कळवा. यात लाज नाही. पण मदतीचा अर्जच केला नव्हता आणि आता पैसे जमत नाहीत, हे ऐकून घेतलं जात नाही.

नुसतं मन बदललं म्हणून सोडणं ही वेगळी गोष्ट. २०२५ साली न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या मुलांना वर्षभर ईडी अर्ज करायला बंदी केली, कारण आधीच्या वर्षी त्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याने शब्द फिरवला होता. म्हणजे तुमच्या निर्णयाचा भुर्दंड पुढच्या बॅचने भरायचा. ही पद्धतच स्पर्धेला मारक आहे असा दावाही ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ कॉलेजांविरुद्ध दाखल झाला आहे, पण त्याच्या भरवशावर सही करू नका.

९. हार्वर्डला अर्ली केलं तर एमआयटी, ऑक्सफर्ड, पर्ड्यू इथे नोव्हेंबरात अर्ज चालतो का?

एमआयटीला अर्ली नाही. एमआयटीची स्वतःची हरकत नसते, पण हार्वर्डची असते: अमेरिकेतल्या दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली करायचं नाही. रेग्युलरमध्ये एमआयटीला करा, ते चालतं.

ऑक्सफर्डला चालतं. अमेरिकेबाहेरच्या विद्यापीठांना मुभा आहे. फक्त ऑक्सफर्ड-केंब्रिजची यूकॅसची (ब्रिटनमधल्या विद्यापीठांची सामायिक अर्जव्यवस्था) मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकेच्याही आधी, आणि दोन्हींपैकी एकालाच अर्ज करता येतो.

पर्ड्यूलाही चालतं, कारण ते सरकारी विद्यापीठ आहे आणि त्याच्या ईएत बांधिलकी नाही.

जॉर्जटाउन वेगळं: त्यांच्या अर्लीबरोबर इतर ईए चालतात, पण कुठेही ईडी चालत नाही. नियम दरवर्षी त्या त्या कॉलेजच्या पानावर वाचा. भावाने तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं त्यावर जाऊ नका.

१०. आम्हाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवं. यातलं आम्हाला काय लागू?

ईए. जॉर्जिया टेक, पर्ड्यू, इलिनॉय अर्बाना-शँपेन या सरकारी विद्यापीठांत भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी ईएची मुदत साधारण १ नोव्हेंबर असते. मागणी असलेल्या शाखांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी हीच खरी मुदत समजा. बांधिलकी नाही, त्यामुळे करायचं की नाही हा विचारच नको. मात्र मिशिगनने २०२६ च्या प्रवेशापासून ईएच्या जोडीला ईडीही आणलं आहे, तेव्हा फॉर्मवर कुठली खूण करताय ते दोनदा बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांत अर्ली हा प्रकारच नाही.

११. मुलगा एचएससी बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात आहे. तिथे समुपदेशक नाही. सही कोण करणार?

प्राचार्य किंवा उपप्राचार्य. कॉमन ॲपमध्ये समुपदेशक म्हणून त्यांचा ईमेल द्यायचा, शक्यतो कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरचा. त्यांना लिंक जाते. त्यातून त्यांनी शाळेची माहिती, शिफारस आणि गुणपत्रकं चढवायची. ईडी असेल तर करारावर त्यांचीही सही लागते.

गुणपत्रकं नववीपासूनची लागतात. नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. जुन्या शाळेत जाऊन नववीचा निकाल शिक्क्यासह घ्या आणि ज्युनिअर कॉलेजला सगळं एकत्र चढवायला सांगा. अकरावीचं ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज असेल, मुलगा प्रत्यक्षात क्लासलाच जात असेल, तर शिफारस लिहिण्याइतका त्याला ओळखणारा शिक्षक कोण, हा प्रश्न जूनमध्येच सोडवा.

आणि कॅलेंडर बघा. १ नोव्हेंबरची मुदत दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येते. २०२४ साली तर त्या दिवशी लक्ष्मीपूजनच होतं. ऑफिसला कुलूप, लिपिक गावी, प्राचार्यांचा फोन बंद. शिक्क्याची कामं दसऱ्याआधी उरकलेली बरी. कॉमन ॲपवर मुदत सहसा तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते, न्यूयॉर्कच्या नव्हे.

१२. डिफर म्हणजे नकार का?

नाही, पण होकारही नाही. अर्ज रेग्युलरच्या ढिगात पुन्हा वाचला जातो. ईडीत डिफर झालात तर बांधिलकी त्या क्षणी संपते. एमआयटीसारखी कॉलेजं ईएतल्या निम्म्याहून जास्त अर्जदारांना डिफर करतात, त्यामुळे त्यात फार अर्थ शोधू नये. पहिल्या सत्राचे गुण आणि एक छोटं पत्र पाठवा: काय नवं घडलं आणि अजून यायचं आहे का, एवढंच. ओळखीच्या एनआरआय काकांचं शिफारसपत्र जोडू नका.

१३. ईडी टू कुणासाठी?

जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज, फेब्रुवारीच्या मध्याला निकाल, बांधिलकी तीच. डिसेंबरात नकार किंवा डिफर आल्यावर दुसऱ्या पसंतीसाठी हा मार्ग आहे. हार्वर्ड किंवा येलच्या अर्लीनंतरही तो मोकळा असतो. प्रश्न ७ इथेही तसाच लागू. नकाराच्या तिरमिरीत, ख्रिसमसच्या आठवड्यात घेतलेले ईडी टूचे निर्णय मला फारसे आवडत नाहीत.

१४. आम्ही न्यू जर्सीत एच-१बीवर आहोत, मुलगी एच-४वर. ती परदेशी धरली जाते का?

बहुतेक खासगी कॉलेजांत मदतीच्या हिशेबाने हो, जरी ती पहिलीपासून एडिसनच्या शाळेत शिकली असली तरी. ग्रीन कार्ड असेल तर नाही. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशाची फी मिळते का, हे राज्यागणिक बदलतं. क्वेस्टब्रिज या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती कार्यक्रमासाठी मात्र अमेरिकेतल्या हायस्कुलात शिकणारी मुलगी नागरिकत्व नसतानाही पात्र ठरू शकते. भारतात शिकणारी ठरत नाही.

१५. डिसेंबरात ईडी मिळालं. आता जेईई आणि बोर्ड सोडून द्यायचं का?

बोर्ड अजिबात नाही. प्रवेश बारावी पूर्ण होण्यावर अवलंबून असतो, आणि गुण कोसळले तर कॉलेज खुलासा मागतं, प्रसंगी प्रवेश रद्द करतं. जेईई द्यायला कुणी अडवत नाही, पण ईडी स्वीकारून जुलैत आयआयटीची जागा धरणं म्हणजे शब्द मोडणंच. व्हिसा नाकारला गेला तर ती वेगळी बाब: कॉलेजला लगेच कळवा, प्रवेश पुढच्या सत्रावर किंवा वर्षावर ढकलण्याची विनंती करता येते.

१६. ईडी अर्ज पाठवला आणि आठवड्याने पोटात गोळा आला. रेग्युलरमध्ये बदलता येतो का?

निकाल लागण्याआधी बहुतेक ठिकाणी येतो. प्रवेश कचेरीला विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवरून लिहायचं, वडिलांच्या नव्हे: नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, आणि अर्ज ईडीतून रेग्युलरमध्ये घ्यावा ही विनंती. कारणाचा निबंध नको. पोच लेखी मिळाल्याशिवाय दुसरीकडे ईडी टू करू नका, आणि ज्युनिअर कॉलेजलाही कळवा, कारण करारावर त्यांचीही सही आहे.